कोसमटोल्यातली गुप्त चौकशी

माझ्या नवऱ्याची सगळी उमर पोलिसात गेली. जमादार म्हणून पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांना हार-तुरे मिळाले, पण त्या सगळ्या नोकरीत त्यांनी स्वतः पकडलेला एकच चोर मला आठवतो, आणि तोसुद्धा धानाच्या बांधीतल्या चिखलात रुतल्यामुळे पळू शकला नव्हता. तरी माणूस बघताक्षणी ओळखतो, असा त्यांचा स्वतःविषयी पक्का समज होता. असले समज बायकोनं मोडायचे नसतात. त्यांची वेळ आली की ते आपोआप मोडतात.

गोंदियाजवळ फुलचूरला आमचा बालाश्रम होता. राइस मिलवाले मुन्नालाल शेठ त्याचे सेक्रेटरी. आधीचा व्यवस्थापक मोठमोठ्या माणसांची प्रशस्तिपत्रं घेऊन आला होता आणि एका पहाटे ताटं, वाट्या, पराती, पाण्याचा हंडा असं सगळं घेऊन गेला. महिनाभर पोरं पळसाच्या पानावर जेवली. पोरांना त्याचं काहीच वाटलं नाही, घासायचं काम वाचलं होतं. मुन्नालाल शेठच्या मात्र जिव्हारी लागलं.

"केशोरावजी," ते ह्यांना म्हणाले, "अब बिना तपास के कोई अंदर नहीं आयेगा. पगारी असो का फुकट राबणारा. जिस गाँव का आदमी, उस गाँव में जाकर पूछो."

ह्यांना दुसरं काय हवं होतं. पेन्शनीत माणूस रिकामा बसतो आणि रिकामा बसला की स्वयंपाकघरात येऊन डाळीत डोकावतो. आता ते चौकशी अधिकारी झाले. मी आठवड्यातून दोनदा आश्रमात जाऊन मुलींच्या वेण्या घालायची. नियम म्हणजे नियम म्हणून ह्यांनी माझीही चौकशी लावली. देवरीला माझ्या माहेरी पत्र टाकलं, की सदर बाईची वर्तणूक कशी आहे ते कळवावे. माझ्या भावानं उलट टपाली लिहिलं, "लग्नाला इतकी वर्षं झाली, जावईबापू. आता परत घेता येणार नाही."

त्याच वर्षी माघात आश्रमाला पोरं सांभाळणारं एक माणूस हवं होतं आणि दोन अर्ज आले. दोन्ही एकाच गावचे. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली कोसमटोला म्हणून धानाचं गाव आहे, तिथला बिसराम आणि तिथलीच रुख्मा.

बिसरामला मी पाहिलं नव्हतं. रुख्माला आम्ही सगळेच ओळखत होतो. गावचे पाटील सेवकराम, त्यांच्या धाकट्या भावाची ती विधवा. पोरवयात कपाळ पांढरं झालं, तेव्हापासून भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, घरी राबत होती. गावची बाळंतपणंही तीच करायची. पाटलांच्या गड्याची, बकारामची, बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तिची पोर रुख्मानंच हातात घेतली आणि काही महिने शेळीच्या दुधावर वाढवली. मग तिनं ती पोर मागितली. पंच बसले आणि म्हणाले, नवरा नाही, घर नाही, तू कोण लागतेस तिची? बकारामनं पोर आमच्या आश्रमात आणून सोडली आणि तो मँगनीजच्या खाणीवर निघून गेला.

पोरीचं नाव फुलवंता. रुख्मा तिला भेटायला कोसमटोल्याहून पायी यायची. एवढं चालून आलेली बाई पाणीसुद्धा न पिता आधी पोरीला मांडीवर घ्यायची, आणि ती निघाली की पोर फाटकाशी उभी राहून अशी रडायची, की मी वेणी अर्धी टाकून उठायची. रुख्माला ही जागा मिळाली तर दोघींचा प्रश्न सुटत होता. मिळाली नाही तर पोर मोठी होऊन तिला विसरणार होती, आणि हे रुख्माला माहीत होतं. तिनं मला तसं बोलूनही दाखवलं होतं.

मी ह्यांना म्हटलं, "हिची कसली चौकशी करता? डोळे आहेत ना?"

"डोळ्यांवर विसंबून तर मुन्नालाल शेठच्या पराती गेल्या," हे म्हणाले.

ह्यांच्या चौकशीची एक रीत होती. ती गुप्त असायची. आपण कशासाठी विचारतोय हे गावाला कळता कामा नये. कळलं की लोक खोटं बोलतात, असं त्यांचं म्हणणं. रुख्माला आणि बिसरामला त्यांनी शपथ घातली, की गावात तोंड उघडाल तर अर्ज बाद. पोलिसासारखं दिसू नये म्हणून त्या दिवशी त्यांनी खाकी कोट ठेवून दिला आणि पेटीतला जरीचा फेटा काढला, खांद्यावर उपरणं घेतलं. बाहेरचं पाणी ह्यांना सोसत नाही, म्हणून मी बरोबर निघाले. खरं सांगायचं तर त्यांच्या पारखीवर माझा काडीचा भरवसा नव्हता. मीही लुगडं बरंसंच नेसले.

तिरोड्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे छकड्यातून. माघ महिना, जरीचा फेटा, सोबत बायको. आता मला हसू येतं, पण तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

पाटलांच्या ओसरीवर ह्यांनी बैठक मारली आणि दोघांविषयी विचारायला सुरुवात केली. वय काय, अंगात काही रोग-राई आहे का, स्वभाव कसा, कामाला कसं, काही व्यसन, मागचं काही लफडं. पाटील मिशीतल्या मिशीत हसले. त्यांनी दुलीचंद नावाच्या एका म्हाताऱ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्यानं मान डोलावली, आणि घटकाभरात अर्धं गाव ओसरीखाली येऊन बसलं.

"बिसराम? गाय हो साहेब, गाय," पाटील म्हणाले. "कोनाच्या अध्यात नाही का मध्यात नाही."

"दारू?"

"मोहाच्या झाडाखालून जात नाही तो. वास सोसत नाही त्याले."

"कामाला कसा?"

"दिवसा बांधीत, रातीबी बांधीत," दुलीचंद म्हणाला, आणि मागे कोणीतरी खोकला काढला. "नेऊन तं पाहा साहेब. आजच नेऊन पाहा."

बिसरामला समोर आणलं. चाळिशीकडे झुकलेला माणूस, नुकताच कोणीतरी घासून आंघोळ घातलेला, अंगात दुसऱ्याचा कोट, बाह्या कोपरापर्यंतच. तो इतका बावरून सगळ्यांकडे बघत होता, की मला वाटलं, बिचारा खरंच साधा असावा. त्याला कोणी बोलू दिलं नाही. तोंड उघडलं की शेजारचा त्याच्या हातावर सुपारी ठेवी.

मग रुख्माची पाळी आली आणि ओसरीवर सुतक पडलं.

"काय सांगू साहेब," पाटील म्हणाले. "घरची गोष्ट हो, पन लपवाव कायले? तोंडाची लय फाटकी. हातबी चालवते."

"अंगात येते तिच्या," दुलीचंद म्हणाला. "अवसेले."

"चोरी?"

"मीठसुदा झाकून ठेवा लागते," पाटलीणबाई दारातून म्हणाल्या. त्यांचं नाव सुशिलाबाई. "अन चावते वं बाई. मले चावली होती." त्यांनी मनगटावरचा वण दाखवला. तो उघड उघड विळ्याचा होता, पण हे त्याच्याकडे असे बघत राहिले, की जणू दात मोजत होते.

हे सगळं चालू असताना रुख्मा आत आमच्यासाठी रांधत होती. हनुवटीपर्यंत पदर ओढून ती वाढायला आली. भासऱ्यासमोर भावजयीनं तोंड दाखवायचं नाही आणि बोलायचं तर नाहीच, अशी तिकडची रीत. बारीक भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी, गरम वडे. वाढताना तिनं डाळ दोनदा पानाबाहेर सांडली. ओसरीवरचं सगळं चुलीपर्यंत ऐकू जातं, मी ते घर बघूनच ओळखलं होतं. ह्यांनी चार वडे जास्त खाल्ले आणि चावणाऱ्या बाईच्या हातचं खाल्लं म्हणून शेवटी जरा घाबरले.

जेवणानंतर मी परसात गेले. पाटलांची सून प्रेमिला तिथं बाजेवर बसली होती, पोट पुढं आलेलं, दिवस भरत आलेले. रुख्मा खाली बसून तिच्या सुजलेल्या पायांना तेल लावत होती. मला बघून ती उठून आत गेली. सुशिलाबाई माझ्याजवळ सरकल्या.

"तुमच्या दिराले पयल्या बायकोचे लेकरं किती वं?"

"कोणत्या दिराला?" मी विचारलं. मला दीर नाही.

"आता लपवता कायले? साऱ्या गावाले समजलं. साटंलोटं कराले आले ना तुमी? दिरासाठी रुख्मी पाहून राहिले, अन नणदेले बिसराम. बिसरामले तं घरजावई म्हून नेजा, आमचं काई म्हननं नाही. पन रुख्मी नोका नेऊ. ती गेली तं इथं..." आणि बाईंनी जीभ चावली. "मंजे तुमच्याच भल्याचं सांगतो. लय वंगाळ बाई हो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या ह्यांचा फेटा, माघ महिना, वय काय आणि रोग-राई काय. मुलगी बघायला आलेला माणूस जे विचारतो, शब्दाला शब्द तेच ह्यांनी विचारलं होतं. तिकडे एका गावात आपली लेक द्यायची आणि त्याच गावची आणायची, हे साटंलोटं नेहमीचं. गावानं रीतसर हिशेब केला. जो जावा असं वाटतं त्याला गाय म्हणायचं, आणि जिच्यावाचून चूल पेटत नाही ती चावते म्हणून सांगायचं. सोयरिकीत कोण खरं बोलतं? माझ्याच लग्नात माझ्या काकांनी ह्यांच्या घरच्यांना मी अबोल आहे म्हणून सांगितलं होतं.

तिथल्या तिथं सांगून टाकता आलं असतं, की बाई, ही सोयरीक नाही, आश्रमाची नोकरी आहे. पण असलं सगळं ऐकत तिनं रांधलेला भात मी नुकताच खाल्ला होता. मला राग आला. आणि मला राग आला की मी फार गोड बोलते.

छकडा जुंपला होता. हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बिसराम पास. रुख्मा नापास. बघितलंस? तुझे डोळे म्हणे."

"बघितलं," मी म्हटलं. "निघताना गावाला दोन शब्द मी बोलू का?"

"गुप्तता राखून बोल."

"राखते की."

गाव निरोपाला पारापाशी जमलं होतं. बायका एका बाजूला, त्यांत पदर ओढलेली रुख्मा. मी पाटलांना नमस्कार केला.

"पाटील, बिसराम आम्हाला पसंत आहे. आजच नेतो." लोकांचे चेहरे असे उजळले, की मंडईच्या जत्रेतला दंडारीचा खेळ आजच आहे असं वाटावं. "फक्त आमच्याकडे एक पद्धत आहे. माणूस ज्या गावानं चांगला म्हणून दिला, ते गाव त्याला जामीन राहतं. यानं काही मोडलं, काही उचललं, पिऊन कोणाच्या अंगावर गेला, तर भरपाई कोसमटोल्यानं करायची. तुम्ही म्हणता गाय आहे, म्हणजे तुम्हाला भीती नाहीच."

दुलीचंद पायाच्या नखांकडे बघू लागला.

"आणि रुख्माबाईचं ऐकून तर मला झोप लागणार नाही. घरात अवघडलेली सून, आणि त्याच घरात चावणारी, चोरटी, अंगात येणारी बाई? आमचे हे पोलिसात जमादार होते. अशा बाईला गावात ठेवणं बरं नाही. आम्ही तिला आत्ताच घेऊन जातो आणि सरकारच्या ताब्यात देतो. प्रेमिलाचं बाळंतपण तेवढं निर्धास्त होऊन जाईल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठाण्यावर कोणत्या कलमाखाली द्यायची, याचा ते मनापासून विचार करत होते.

आधी प्रेमिला रडली. मग ती अवघडलेली पोर बायकांमधून पुढे आली आणि सासूला म्हणाली, "सांगा ना आता. काकी कोनाले चावली? सांगा." सासूनं मनगट पदराखाली घेतलं. "तो वण विळ्याचा होय. त्याले हळद काकीनंच लावली होती. सारे खोटं बोलून राहिले, बाईसाहेब. काकीले नोका नेऊ. मी मरून जाईन."

त्यानंतर बांध फुटला. एकीनं सांगितलं, माझी दोन्ही लेकरं रुख्मीच्याच हातची. दुसरी म्हणाली, रोवणीत ती पुढं नसली तर बायका संध्याकाळपर्यंत बांधी उरकत नाहीत. दुलीचंदाला ताप आला तेव्हा पेज तीच नेऊन देत होती, हे त्यानं स्वतः कबूल केलं आणि डोळे पुसले. बिसरामचंही मग राहिलं नाही. तो रात्री बांधीत असतो हे खरंच होतं, फक्त दुसऱ्याच्या. बांध फोडून पाणी आपल्याकडे वळवायला. मोहाच्या झाडाखालून जात नाही हेही खरं, कारण तो तिथंच पडलेला असतो.

"तरी मी म्हनत होतो," बिसराम कोटाच्या बाह्या ओढत म्हणाला, "आज सारे इतके गोड काऊन बोलून राहिले." आणि तो कोट ज्याचा होता त्याला परत देऊन घराकडे चालू लागला. मला त्याची थोडी दयाही आली.

"पण तुम्ही खोटं का बोललात?" हे पाटलांवर कडाडले. नोकरीत असताना इतके कडाडले असते तर चोर सापडले असते.

"सोयरिकीत तेवढं चालते, साहेब."

"कसली सोयरीक?"

आता मात्र मी सांगून टाकलं. आश्रम, जागा, फुलवंता, सगळं. पाटील पारावर खाली बसले. भला माणूस होता तसा. भल्या माणसांना आपण काय करतो ते पुष्कळदा उशिरा कळतं, आणि मला त्यांचा तेवढ्यासाठीच जास्त राग येतो.

"बाई, तुमी नेता तं काय म्हनू?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. भावजयीशी बोलायचं नव्हतं, म्हणून माझ्यातर्फे बोलत होते. "पन ती गेली तं आमचं घर बसते. घर नाही, गाव बसते. म्हून बोललो तसं. ती आमची हो. तिच्याबिगर आमाले कोन आहे?"

तेव्हा रुख्मा पुढे आली. पदर तिनं वर केला नाही. पण भासऱ्याच्या समोर उभी राहिली आणि बोलली. बायकांमध्ये एक कुजबूज झाली आणि लगेच थांबली. त्या गावानं असं कधी पाहिलं नव्हतं.

"पोरगी मांगली तवा तुमी पंचात बसले होते," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "तवा पुसलं, तू कोन होस? आता मी कोन हाव ते साऱ्या गावाले सांगून राहिले. हे तवाच सांगतलं असतं, तं माही फुलवंता इथंच राहिली असती. अन मीबी."

पाटलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. सुशिलाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि माझ्या डोळ्यांतही पाणी आलं, ते मी कशाला लपवू?

हे छकड्याजवळ गेले. मला वाटलं आता नियम काढतील. त्यांनी खांद्यावरचं उपरणं घडी करून छकड्याच्या फळीवर अंथरलं आणि रुख्माला म्हणाले, "बाई, इथं बसा. धक्के लागतात."

सगळ्या आयुष्यात मला तो माणूस त्या क्षणी सगळ्यात जास्त आवडला. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही, चढून बसले असते.

रुख्मा घरात गेली, एक बोचकं घेऊन आली आणि बसली. गाडीवानानं कासरा ओढला तेव्हा प्रेमिला चाकाला धरून उभी राहिली.

"काकी, मंग माह्या बाळंतपनाले कोन?"

रुख्मानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"निरोप धाडजो. मी येईन, रात असो का दिवस," ती म्हणाली, आणि मग पारावर बसलेल्या पंचांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुढचं बोलली. "पन येईन तं पोरगी कडेवर घेऊन येईन. अन ती कोनाची हो म्हून गावात कोनी पुसलं, तं दारातूनच वापस जाईन."